पुसूनही दर पावसाळ्यात परत येणारी तैलचित्रावरची बुरशी

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "चवथीच्या साफसफाईत पुसलं होतं, पण परत आलं." जूनमध्ये पाऊस लागतो, जुलैत दिवाणखान्यात कोंदट वास सुरू होतो आणि ऑगस्टमध्ये पणजोबांच्या काळ्या कोटावर पांढुरके ठिपके दिसू लागतात. कोणीतरी स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं ते पुसतं. ठिपके जातात, चित्र जरा चमकतंही. गणपती पोचवून होतात न होतात तोच ठिपके पुन्हा त्याच जागी हजर.

फ्रेमच्या कामामुळे गोव्यातल्या घरांतली अशी चित्रं माझ्या टेबलावर सारखी येतात. माझं सांगणं एकच असतं: पुढून पुसत बसू नका. चित्र उतरवा, पालथं करा आणि ते ज्या भिंतीवर होतं तिला तळहात लावून बघा. बुरशीचं मूळ जवळजवळ नेहमी त्या दोन ठिकाणी सापडतं.

पण आधी, ती बुरशीच आहे ना?

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही. रात्री खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. अशा तिरप्या उजेडात बुरशी उठून दिसते. तिचे ठिपके गोलसर असतात, कडेला विरळ होत जातात आणि जवळून पाहिलं तर त्यांना बारीक लव असते. गडद रंगांवर ती लवकर नजरेत भरते. फिक्या आकाशावर किंवा पांढऱ्या साडीवर ती असली तरी दिवसा कळत नाही.

लव नाही, ठिपके नाहीत, नुसती निळसर-पांढरी झाक सपाट पसरली आहे, असं असेल तर दोष वॉर्निशमध्ये आहे. ओलाव्यामुळे वॉर्निश धुरकट झालेलं असतं. हे ब्रशनं झटकून जात नाही आणि पसरतही नाही, त्यामुळे घाई नको. हा प्रकार पावसाळ्यात वॉर्निश मारलेल्या चित्रांत जास्त दिसतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून अंतिम वॉर्निश साधारण ६ ते १२ महिन्यांनी मारायची पद्धत आहे. गोव्यात त्यातही फेब्रुवारीतला कोरडा दिवस बघावा. चित्रकाराकडून नवं चित्र घेताना शेवटचं वॉर्निश कधी मारलं, हे विचारायला लाजू नका.

तिसरा प्रकार लोण्याचा. भिंतीतल्या ओलीबरोबर क्षार बाहेर येतात आणि चौकटीच्या खालच्या कडेला पांढरी, बोटाला कचकचणारी भुकटी जमते. ती रंगावर क्वचितच असते. लोणा दिसला की भिंत ओली आहे, हे वेगळं तपासायची गरज उरत नाही.

आणि चौथा प्रकार म्हणजे रंगाचे पापुद्रे सुटून खालचं पांढरं अस्तर दिसणं. तसं असेल तर पुढचं साफसफाईचं काहीही करू नका, थेट शेवटचा भाग वाचा.

पालथं केल्यावर काय दिसतं

टेबलावर जुनी धुतलेली चादर घाला. चौकटीच्या चारही कोपऱ्यांखाली घडीचे टॉवेल ठेवा, म्हणजे रंगाचा पृष्ठभाग कशालाही टेकणार नाही. मग चित्र पालथं करा.

तैलचित्र म्हणजे नुसता रंग नव्हे. मागून मोजायला लागलं तर आधी सुती किंवा तागाचं कापड, त्यावर सरस, त्यावर खडूसारख्या पांढऱ्या पदार्थाचं अस्तर, मग रंग आणि सगळ्यात वर वॉर्निश. आजच्या तयार कॅनव्हासवर सरसाऐवजी बहुधा ॲक्रिलिक असतं. जुन्या चित्रात जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरसच सापडतो. आता यातलं बुरशीचं खाणं कुठलं? कापड आणि सरस. रंगाच्या तेलकट थरावर तिला तितकं सोपं जात नाही. पुढच्या बाजूला ती वाढते ती बऱ्याचदा त्यावर बसलेल्या धुळीवर, उदबत्ती-समईच्या काजळीवर आणि फोडणीच्या चिकट वाफेवर. म्हणूनच पुढं चार ठिपके दिसत असताना मागं अर्धा कॅनव्हास करडा झालेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

खालच्या लाकडी पट्टीकडे विशेष बघा. कॅनव्हास आणि पट्टी यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांचा कचरा साठतो: धूळ, पालीची लेंडी, कोपऱ्यातून निसटलेली लाकडी पाचर आणि गोव्यात हटकून कुंभारीण माशीचं मातीचं घर. ती माती ओलावा धरून ठेवते. तिच्या बरोब्बर पुढं रंगावर डाग असतो किंवा कापडाला फुगवटा आलेला असतो. घर फोडताना कॅनव्हासला टेकू न देता पट्टीच्या बाजूनं हलकेच सोडवायचं. माती ओली असेल तर वाळू द्यायची, पाणी लावायचं नाही.

मागं प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला असेल किंवा प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असेल तर तो कधी लावला ते आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये लावला असेल तर त्या दिवसांतला सगळा ओलावा कापडासकट आत कोंडला गेलाय. मागची बाजू झाकणं चांगलंच. झाकायची वेळ मात्र जानेवारी-फेब्रुवारीची, चित्र पूर्ण सुकल्यावरची.

भिंत

गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे झोड पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर. चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो. जुन्या घरांना खोल पडवी होती, कौलांची वळचण लांब बाहेर येत होती, भिंतीवर चुन्याचा गिलावा होता. भिंत भिजली तरी वाळायची. आता त्याच चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा, वर प्लॅस्टिक पेंट आणि छज्जा जेमतेम दीड फुटाचा. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. रंगाचे फुगे आणि पोपडे दिसतात त्या भिंतीवर किमती चित्र लावायचं म्हणजे ते दर वर्षी आजारी पडणार हे मान्य करूनच लावायचं.

पण भिंत दिसायला कोरडी असूनही बुरशी येते, तेव्हा माणूस चक्रावतो. डिचोलीच्या एका शिक्षिकाबाईंच्या घरचं उदाहरण सांगतो. निसर्गचित्र होतं, तीन फूट रुंद, आणि लावलेलं घराच्या मधल्या भिंतीवर. बाईंचा प्रश्न रास्त होता: "अहो, ही काही बाहेरची भिंत नाही. पलीकडे आमची झोपायची खोली. इथं ओल येणार कुठून?"

"बाई, त्या खोलीत एसी आहे?"

"आहे की. मुलगा रात्रभर लावतो."

"कुठल्या भिंतीला?"

"समोरच्या. हवा थेट या भिंतीवर येते."

सगळं तिथंच उलगडलं. मधली भिंत साडेचार इंची विटेची. एसीची हवा रात्रभर तिच्यावर आपटून ती थंडगार होते आणि दिवाणखान्याच्या बाजूनंही थंड राहते. दिवाणखान्यात पावसाळ्यातली उघडी हवा. समजा ती २८ अंश आहे आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. म्हणजे भिंत २५ अंशांपर्यंत उतरली की तिच्यावर दव धरायला लागतं. तेवढी उतरली नाही, २६ वरच राहिली, तरी भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. चित्राच्या मागची हवा हलत नाही, त्यामुळे तिथं हीच स्थिती सकाळपर्यंत टिकते. बुरशीला दव लागतच नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली तरी तिचं भागतं.

याच्या उलटंही होतं. चित्र एसीच्या खोलीतच असतं, रात्रभर थंड होतं आणि सकाळी एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या की बाहेरची दमट हवा थेट त्या थंड कॅनव्हासवर येते. "आमच्याकडे तर एसी आहे" म्हणणाऱ्यांच्या घरी बुरशी असते ती बऱ्याचदा अशी. एसी बंद केल्यावर तास-दीड तास खिडक्या बंदच राहू द्या, पंखा फिरू द्या, चित्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

अंदाजावर जाण्यापेक्षा दोन छोटे डिजिटल आर्द्रतामापक घ्या. फार महाग नसतात. एक खोलीच्या मधोमध ठेवा, दुसरा चित्रामागच्या भिंतीला अडकवा. आठवडाभर सकाळ-रात्र आकडे बघा. दोन्ही सारखेच चढते असतील तर अख्खी खोली दमट आहे. मागचा आकडा मधल्यापेक्षा ठळकपणे जास्त असेल तर दोष भिंतीत आहे, आणि तेव्हा जागा बदलणं हाच स्वस्तातला उपाय.

ही स्वस्त यंत्रं थोडं खोटं बोलतात, म्हणून आधी मिठाची परीक्षा घ्यायची. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला. ओलसर लगदा व्हायला हवा, विरघळून पाणी होता कामा नये. झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के यायला हवा. ७० आला तर यंत्र ५ कमी दाखवतंय, तेवढे मिळवून वाचायचं. यासाठी पाकिटातलं शुद्ध मीठ वापरा. आगराचं खडे मीठ जेवणाला झकास, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यानं आकडा बिघडतो.

साफ कसं करायचं

ओली, जिवंत बुरशी पुसली की ती फासली जाते आणि तिचे कण रंगाच्या बारीक भेगांत घुसतात. फडक्याचं पाणीही त्याच भेगांतून खालच्या सरसापर्यंत पोचतं. म्हणजे आपण तिला पाणी आणि खाणं दोन्ही नेऊन दिलं. पंधरवड्यात ती परत येते ती यामुळे.

आधी सुकवा. चित्र बाकीच्या चित्रांपासून आणि पुस्तकांपासून दूर न्या. न्यायच्या आधी सुती चादरीत सैलसर गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत, भिंतीला न टेकवता उभं करा. पंखा खोलीत फिरू दे, चित्रावर रोखायचा नाही. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, मिळाला तर उत्तमच. आर्द्रता ६० च्या खाली आली की काही दिवसांत बुरशीची लव बसते आणि तिची कोरडी भुकटी होते. मागच्या लाकडी पट्टीवर एका कोपऱ्यात मऊ ब्रश फिरवून बघा. भुकटी उडाली तर पुढं जायचं, फासली गेली तर अजून थांबायचं.

मग एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. दम्याचा त्रास असलेल्यानं हे काम करूच नये. शक्यतो पडवीत, पाऊस उघडलेल्या दिवशी, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. ब्रश बकरीच्या केसांचा, रुंद, अगदी मऊ घ्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी ब्रशच्या पुढं दोन इंचांवर धरायची, तोंडाला मलमल बांधायची, ओढ सगळ्यात कमी ठेवायची. ब्रशनं भुकटी नळीकडे ढकलायची, नळी चित्राला लावायची नाही. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बुरशीचे कण मागून पुन्हा खोलीत येतात. असे बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर नसेल तर यंत्र बाहेर ठेवूनच वापरा. आधी मागची बाजू, मग पुढची. कॅनव्हासवर जोर कुठंही नको, पाठीमागून बोटानं टेकू द्यायचा मोह तर मुळीच नको. वापरलेला ब्रश साबणानं धुऊन वाळवा आणि मास्क टाकून द्या.

एवढं केल्यावर फिकट डाग उरला तर तो राहू द्या. बुरशीनं रंग किंवा वॉर्निश आतून खाल्लेलं असतं आणि ते घासून भरून येत नाही.

घरगुती उपायांची यादी मोठी आहे. कापलेला बटाटा आणि पावाचा मऊ गर यांतून पिठूळ अंश मागं राहतो, तो बुरशीचा नाश्ता. खोबरेल किंवा जवसाचं तेल चोळलं की चित्र दोन दिवस तकाकतं, मग त्यावर धूळ चिकटते, आणि जवसाचं तेल पिवळं पडून कायमचं बसतं. सॅनिटायझर, स्पिरिट, टर्पेंटाइन यांनी वॉर्निश सुटतं, रंग कोवळा असेल तर तोही. काच पुसायचा फवारा तर लांबच ठेवा. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी, बुरशीला त्यांची भीती नाही. कडक उन्हात चित्र ठेवण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी हमखास देतात, आणि गोधडीसाठी तो बरोबरच आहे. कॅनव्हास मात्र एकाएकी तापून आखडतो आणि रंगाला भेगा जातात. सावलीतली कोरडी हवा पुरे.

पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडलेला दिसेल. मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हातोडीनं ठोकून तो ताणायची घाई करू नका. ओलाव्यानं सरस मऊ झालाय म्हणून ताण गेलाय. डिसेंबरात हवा कोरडी झाली की कॅनव्हास आपसूक आवळतो. जुलैत ताणून ठेवलेला तेव्हा गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

परत लावताना

आतली भिंत निवडा, आणि तिच्या पलीकडे न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा किंवा एसीची खोली नाही हे पाहा. देव्हाऱ्याच्या थेट वर किंवा समईच्या शेजारी नको, काजळी बसते. चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे चिकटवा. बाटलीचं खरं बूच कापून घेतलं तरी चालतं. एक-दीड सेंटिमीटर फट राहिली तरी मागून हवा खेळते. एवढ्या साध्या गोष्टीनं फरक पडतो यावर गिऱ्हाइकांचा विश्वास बसत नाही, पण निव्वळ बुचांवर भागलेली चित्रं मी पाहिली आहेत. मागची पाठ कोरड्या दिवसांत, पोकळ नळ्यांच्या प्लॅस्टिक शीटची करावी आणि ती चौकटीला स्क्रूनं बसवावी, खिळ्यांनी नाही. म्हणजे दर वर्षी उघडून आत बघता येतं. कुंभारीण आत शिरेल अशी फट दिसली तर बारीक जाळी लावा.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी मागं ठेवली की झालं, असं सांगणारे भेटतील. हिशेब करून बघा. १२ बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला तिच्यात ९०० ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असतं. आर्द्रता ६० वर आणायला त्यातलं पाव किलोच्या वर काढावं लागेल, आणि दार उघडलं की ते पुन्हा आत येणार. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं. १०० ग्रॅमच्या पुडीनं बंद पेटीतल्या छोट्या चित्राचं भागेल, खोलीचं नाही.

बंद घरातली चित्रं

गोव्यात ही अडचण वेगळीच आहे. माणसं मुंबईला किंवा परदेशात, घर जूनपासून चवथीपर्यंत बंद आणि भिंतीवर तीन पिढ्यांची चित्रं. शेजाऱ्यांना "अधूनमधून खिडक्या उघडा" म्हणून सांगून जाणारे बरेच. भर पावसात खिडक्या उघडल्या तर बाहेरची ९० टक्क्यांची हवा आत येते, त्यानं काही साधत नाही. उघडायच्याच तर लख्ख उघडीप असलेल्या दुपारी, आतल्या मापकापेक्षा बाहेरचा ओलावा कमी असेल तेव्हा.

परवडत असेल तर एकाच खोलीत सगळी चित्रं जमवा आणि तिथं डिह्युमिडिफायर लावा. पाण्याची टाकी भरली की तो बंद पडतो, म्हणून नळी लावून पाणी थेट मोरीत सोडता येईल असा घ्या. पावसात वीज जातच राहते. वीज आल्यावर आपोआप सुरू होणारं यंत्र हवं, बटण दाबावं लागणारं नको. दुकानातच प्लग काढून-लावून खात्री करून घ्या. मापकावर ५५ ते ६० ठेवा. ४० वर नेऊन ठेवलं तर लाकूड आणि रंग दोन्ही आखडतात.

यंत्र शक्य नसेल तर चित्रं भिंतीवरून उतरवून घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, एकमेकांना न टेकवता उभी ठेवा, वर सुती कापड घाला. कपाटाच्या मागं किंवा पलंगाखाली सरकवू नका. तिथं हवा नाही आणि वाळवी येते.

हात आवरायची वेळ

रंगाचे पापुद्रे उठलेत, बुरशी रंगाच्या थराखालून येतेय, कापड फाटलंय किंवा चित्र एखाद्या नामवंताचं असण्याची शक्यता आहे, तर ब्रशही लावू नका. पापुद्रे असतील तर चित्र रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, म्हणजे सुटलेले तुकडे जागेवर राहतात. पडलेले तुकडे पाकिटात जपून ठेवा. ते परत बसवता येतात.

आणि ओळखीच्या चित्रकाराकडून "जरा टचअप" करून घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. ओल्ड गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या चित्रांची मालिका आहे. ती १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रु या गव्हर्नराच्या कारकिर्दीत सुरू झाली. इथल्या दमट हवेत ती खराब होत गेली आणि दर वेळच्या दुरुस्तीत वरून नवा रंग चढत गेला. मूळ हात कुठला आणि नंतरचा कुठला हे शोधायला तज्ज्ञांना क्षकिरणांची मदत घ्यावी लागली. राज्यकर्त्यांच्या चित्रांची ही गत, तर घरातल्या पणजोबांचा चेहरा एका दुपारीत बदलेल.

काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या कलावस्तू शास्त्रीय पद्धतीनं जपणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंचं संवर्धन केंद्र आहे, तिथं चौकशीपासून सुरुवात करता येईल. फोन करण्याआधी तीन फोटो काढा: समोरून, पाठीमागून आणि तिरप्या टॉर्चच्या उजेडात. चित्र आधी कोणी, कशानं पुसलं हेही खरं-खरं सांगा. डॉक्टरपासून औषध लपवून चालत नाही.

पाठवायचं झालं तर शक्यतो नोव्हेंबरनंतर. रंगाच्या बाजूला आधी गुळगुळीत सिलिकॉन कागद घाला. बबल रॅप थेट वॉर्निशवर आला तर प्रवासातल्या उष्णतेनं त्याच्या फुग्यांचे गोल शिक्के उमटतात, आणि मग ते काढायचं बिल वेगळं.